लिनक्सचा एसएमबी क्लायंट : मोठ्या फायली शेवटच्या बाइटपर्यंत पोहोचतात का, आणि लॉगिन टिकते का?

सांगली, मिरज आणि कुपवाड या भागातल्या ज्या छोट्या कार्यालयांच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे, त्यांपैकी बहुतेकांनी आता सामायिक साठवणीसाठी एखादे नॅस, म्हणजे जाळ्यावरून सर्वांना वापरता येणारे साठवणयंत्र, बसवले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ या भागांत शिरले आणि तळमजल्यावरच्या दुकानांचे संगणक त्यात गेले. बॅकअप ही सवडीने करायची गोष्ट नाही, हे त्यानंतर येथील व्यावसायिकांना कोणी वेगळे सांगावे लागले नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावर नॅस, खाली कामाचे संगणक आणि रात्री सर्व माहिती नॅसवर नेऊन ठेवणारे एक लिनक्स यंत्र, अशी मांडणी मी अनेक ठिकाणी केली आहे. या मांडणीत ज्याच्यावर सर्व भार असतो आणि ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, तो भाग म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे तिच्या गाभ्यातला, एसएमबी क्लायंट. एसएमबी ही जाळ्यावरून फायली वाटून वापरण्याची पद्धत आहे. गेल्या काही वर्षांत त्याच्या लेखनमर्यादेच्या हाताळणीत आणि लॉगिनच्या व्यवस्थेत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. त्या प्रत्यक्ष कामात कितपत उपयोगी पडल्या, हे पाहण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

हा क्लायंट वेगळा विकत घ्यावा लागत नाही. कर्नलमध्ये तो ‘सीआयएफएस’ या जुन्या नावानेच असतो, आणि माउंट करण्यासाठी, म्हणजे शेअर यंत्राला जोडण्यासाठी, लागणारी साधने ‘सीआयएफएस-युटिल्स’ या पॅकेजमधून येतात. स्टीव्ह फ्रेंच हे त्याचे मूळ लेखक असून आजही तेच त्याची देखभाल पाहतात. विंडोज सर्व्हर असो, सांबा हा एसएमबीचा मुक्त सर्व्हर चालवणारे नॅस असो किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्रावरचे शेअर केलेले फोल्डर असो, ते लिनक्समध्ये स्वतःच्या डिस्कसारखे दिसावे, एवढे त्याचे काम आहे. हे काम तो बहुतेक वेळा इतके निमूटपणे करतो की तो आहे हेच विसरायला होते, आणि म्हणूनच त्यात दोष निघाला तर तो शोधायला फार वेळ लागतो.

प्रथम लेखनमर्यादेविषयी. क्लायंट एका विनंतीत सर्व्हरकडे जास्तीत जास्त किती बाइट लिहायला पाठवील, ते ‘डब्ल्यूसाइझ’ या पर्यायाने ठरते. हा आकडा वापरणाऱ्याने दिला नाही, तर क्लायंट स्वतःच्या पसंतीचा आकडा घेतो आणि सर्व्हरने सांगितलेल्या कमाल मर्यादेत तो बसवतो. एसएमबीच्या २.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत ही मर्यादा सहसा ६४ केबी असे. एसएमबी ३ चे सर्व्हर सर्वसाधारणपणे ८ एमबीपर्यंत स्वीकारतात, आणि लिनक्सचा क्लायंट ४.२० या कर्नलपासून आपणहून ४ एमबी मागतो. त्यापूर्वी तो १ एमबी मागत असे. म्हणजे आज कोणी काहीही न लिहिता माउंट केले, तर मिळणारा आकडा चांगलाच असतो. अडचण येते ती एफएसटॅबमध्ये (माउंटचे पर्याय लिहून ठेवण्याच्या फाइलमध्ये) कोणीतरी पूर्वी कुठून तरी उतरवून ठेवलेल्या आकड्यांमुळे, किंवा एखाद्या सर्व्हरने अनपेक्षित मर्यादा कळवल्यामुळे.

अशीच अडचण हरभट रोडवरच्या एका अल्बम डिझाइन करणाऱ्या स्टुडिओत आली. लग्नसराईत तेथे रोज शेकडो छायाचित्रे आणि एकेक पान दीड-दोन जीबीचे असलेल्या डिझाइनच्या फायली जमतात, आणि रात्री त्या सर्व नॅसवर जातात. एका ग्राहकाने जुन्या अल्बमची पुन्हा छपाई मागितली तेव्हा नॅसवरून आणलेल्या काही छायाचित्रांचा खालचा भाग राखाडी पट्ट्यांनी भरलेला निघाला, आणि डिझाइनच्या काही फायली उघडल्याच नाहीत. स्टुडिओच्या मालकांनी मला विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता : “अहो, फाइलची साइज तर बरोबर दिसतीय, तारीखही बरोबर आहे, मग फोटो अर्धाच का उघडतोय?” या यंत्रावर ६.५ ची कर्नल होती आणि मागच्या देखभालदाराने एफएसटॅबमध्ये डब्ल्यूसाइझ म्हणून १००००० हा गोल आकडा लिहून ठेवला होता.

याचे कारण जाहीर नोंदीत उपलब्ध आहे आणि ते समजून घेण्याजोगे आहे. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या ६.३ या कर्नलमध्ये सीआयएफएसचा वाचन-लेखनाचा भाग ‘नेटएफएस’ या कर्नलमधल्या सामायिक कोडसंग्रहाच्या पद्धतीवर नेण्यात आला. कर्नल मेमरीतली माहिती ४०९६ बाइटांच्या पानांमध्ये सांभाळते. मर्यादा ४०९६ च्या पटीत असेल तर प्रत्येक विनंती पानाच्या काठावर संपते आणि सर्व सुरळीत चालते. १००००० या आकड्यात मात्र २४ पूर्ण पाने, म्हणजे ९८३०४ बाइट, आणि पंचविसाव्या पानातले केवळ १६९६ बाइट बसतात. विनंती तेथे संपते, पण नव्या पद्धतीत ते पंचविसावे पान संपूर्ण लिहिले गेले असे धरले जाई आणि पुढची विनंती सव्विसाव्या पानापासून सुरू होई. मधले २४०० बाइट सर्व्हरकडे कधी जातच नसत. पुढचा मजकूर त्याच्या योग्य जागी लिहिला जात असल्याने मध्ये शून्यांची पोकळी राही, फाइलची लांबी मात्र तंतोतंत जुळे. सलग मोठ्या लेखनात ही पोकळी पुन्हा पुन्हा पडते. मालकांच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

हा दोष नजरेतून सुटण्याचे आणखी एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण बॅकअप तपासण्याच्या आपल्या सवयीशी त्याचा थेट संबंध आहे. फाइल नॅसवर उतरवली आणि त्याच क्षणी मूळ फाइलशी ताडून पाहिली, तर दोन्ही सारख्याच निघतात, कारण वाचन नॅसवरून न होता यंत्राच्या स्वतःच्या मेमरीत राहिलेल्या पानांतून होते आणि ती पाने निर्दोष असतात. शेअर अनमाउंट करून पुन्हा माउंट केला आणि मग दोन फायली बाइट-बाइट ताडणारी ‘सीएमपी’ ही आज्ञा चालवली, तेव्हा चाचणीसाठी घेतलेल्या फाइलमध्ये पहिला फरक १००००१ व्या बाइटला दिसला. पोकळीची सुरुवात बरोबर तेथेच होते. बॅकअपची पडताळणी करणाऱ्या प्रत्येकाने एवढी एक गोष्ट अवश्य करावी : लिहून झाल्यावर शेअर सोडावा, पुन्हा जोडावा, किंवा दुसऱ्याच संगणकावरून वाचावे, आणि मगच दोन्ही फायलींचे एसएचए-२५६ चे आकडे (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) ताडावेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टीव्ह फ्रेंच यांनी केलेली दुरुस्ती आकाराने लहान आहे, पण तिच्यातील विचार मला अतिशय योग्य वाटतो. वापरणाऱ्याने ४०९६ च्या पटीत नसलेला आकडा दिला तर क्लायंट तो खालच्या पटीत आणतो आणि कर्नलच्या नोंदीत तशी सूचना लिहितो. सर्व्हरने तसा आकडा कळवला तरी तोही खाली आणला जातो. असे करताना आकडा शून्यावर येणार नाही, याचीही दक्षता घेतली आहे. एखादा सर्व्हर ४०९६ पेक्षाही लहान मर्यादा सांगू शकतो, याचा विचार करणारा माणूस काम मनापासून करतो असे मी समजतो. लेखनाचा तो भाग लवकरच नव्याने लिहिला जाणार आहे हे माहीत असतानाही, तोपर्यंत लोकांची माहिती बिघडू नये म्हणून ही तरतूद झाली आणि ६.३ पासूनच्या स्थिर शाखांसाठीही ती सुचवण्यात आली. पुढे ६.१० मध्ये तो भाग खरोखरच नेटएफएसवर नव्याने बसवला गेला. दुरुस्ती आलेल्या कर्नलवर मी स्टुडिओतला तोच १००००० चा आकडा मुद्दाम ठेवून पाहिला. प्रॉक-माउंट्समध्ये (जोडलेल्या शेअरांचे प्रत्यक्ष पर्याय दाखवणाऱ्या कर्नलच्या यादीत) डब्ल्यूसाइझ ९८३०४ दिसला आणि पुन्हा जोडून केलेल्या ताडणीत फायली एकरूप निघाल्या. त्यानंतर तो आकडा एफएसटॅबमधून काढून टाकला, कारण तेथे त्याची काहीही गरज नव्हती.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आकडा खाली आणल्याची सूचना केवळ कर्नलच्या नोंदीत जाते. माउंट करणाऱ्याच्या पडद्यावर काहीच येत नाही. ती नोंद दाखवणारी डीमेसेज ही आज्ञा चालवून पाहणारी माणसे किती असतात? ज्या काळात ही पोकळी पडत होती त्या काळातल्या फायली कोणाच्या नॅसवर आजही तशाच पडून असतील, तर ते कळण्याचा मार्ग या सूचनेतून मिळत नाही. दुरुस्ती पुढच्या लेखनाला लागू होते, मागचे नुकसान ती भरून काढत नाही. म्हणून २०२३ आणि २०२४ या काळात ज्यांच्या यंत्रावर ६.३ ते ६.७ यांपैकी एखादी कर्नल होती आणि डब्ल्यूसाइझ हाताने लिहिलेला होता, त्यांनी त्या काळातले बॅकअप मूळ फायलींशी ताडून घ्यावेत, मूळ फायली अजून हाताशी आहेत तोवर. स्टुडिओतही तेच केले. ज्यांच्या मूळ प्रती कामाच्या संगणकांवर शिल्लक होत्या, त्या सर्व फायली परत मिळाल्या. ज्या पुसल्या गेल्या होत्या, त्या गेल्या.

लेखनमर्यादेविषयीचा हा पहिलाच प्रसंग नाही. २०११ मध्ये जेफ लेटन यांनी या आकड्याची हाताळणी बदलली, त्यात साइनिंग (प्रत्येक संदेशावर पडताळणीची सही) चालू असताना विंडोज सर्व्हर मोठ्या लेखनाची स्वतःच जाहीर केलेली क्षमता बाजूला ठेवतो, याची दखल घ्यावी लागली. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनीच युनिक्स विस्तार (युनिक्ससाठीच्या जादा सोयी) नसलेल्या सर्व्हरसाठी आपोआप घेतला जाणारा आकडा खाली आणला, कारण सोलारिस या युनिक्स प्रणालीच्या कर्नलमधला सीआयएफएस सर्व्हर मोठे लेखन जमते असे कळवत असे आणि प्रत्यक्षात ते त्याला पेलत नसे. सर्व्हरने कळवलेला आकडा आणि वापरणाऱ्याने लिहिलेला आकडा, दोन्ही तपासूनच वापरायचे, ही शिस्त या क्लायंटमध्ये अशा प्रसंगांतून आली आहे. माझ्या मते त्याच्या विश्वासार्हतेचा खरा पाया हाच आहे, वेग नव्हे.

वेगाविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या कार्यालयांत बहुधा गिगाबिट स्विच असतो, आणि तेथे मोठ्या फायलींचा वेग सेकंदाला ११० एमबीच्या आसपास येऊन तारेपाशीच अडतो. १ एमबी आणि ४ एमबी या मर्यादांत मला अशा जाळ्यावर जाणवण्याजोगा फरक दिसला नाही. ६४ केबीला वेग घटतो, विशेषतः नॅसचा प्रोसेसर दुबळा असेल तर. आकडा हाताने वाढवून काही साधेल, या समजुतीत कोणी राहू नये.

आता लॉगिन. येथे मात्र माझे मत संमिश्र आहे. पडताळणीच्या पद्धती काळाबरोबर कडक होत गेल्या, हे योग्यच झाले : ३.८ या कर्नलपासून एनटीएलएमएसएसपी ही लॉगिनची पद्धत आपोआप वापरली जाऊ लागली आणि २०२१ मधल्या ५.१५ पासून जुनी एनटीएलएम पद्धत पूर्णपणे काढून टाकण्यात आली. एसएमबीच्या आवृत्तीचेही तसेच. ४.१३ पूर्वी क्लायंट आपणहून १.० वापरत असे, आणि ४.१३.५ पासून तो २.१ किंवा त्यावरच्या आवृत्तीसाठीच बोलणी करतो. याचा परिणाम जुन्या यंत्रांवर होतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग स्कॅन करून ठेवणारे जुने यंत्र केवळ एसएमबी १ जाणत होते. लिनक्स अद्ययावत केल्यावर त्यावरचे फोल्डर जोडताना ‘माउंट एरर ११२, होस्ट इज डाउन’ असा संदेश येऊ लागला, आणि तेथील कर्मचारी तारा व स्विच तपासत बसले, कारण संदेशाचा सरळ अर्थ यंत्र बंद आहे असाच होतो. यंत्र चालू होते, पिंगला उत्तरही देत होते. दोघांना समान अशी आवृत्तीच उरली नव्हती. आवृत्ती हाताने १.० करून काम चालते, परंतु ते जाळे बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवता येत असेल तरच तसे करावे.

संदेशांची ही अस्पष्टता लॉगिनमध्ये सर्वत्र आहे. पासवर्ड चुकला, वारंवारच्या चुकांमुळे खाते अडवले गेले आहे, किंवा लॉगिन झाले पण त्या शेअरची परवानगी नाही, या तिन्ही वेळा पडद्यावर येते ते एकच : ‘माउंट एरर १३, परमिशन डिनाइड’. खरे कारण डीमेसेजमध्ये सापडते. तेथे ‘स्टेटस लॉगऑन फेल्युअर’ असे दिसले तर नाव-पासवर्डाकडे पाहावे, आणि ‘स्टेटस अॅक्सेस डिनाइड’ दिसले तर शेअरच्या परवानग्यांकडे. पासवर्डात स्वल्पविराम असेल तर आज्ञेतच पर्याय म्हणून दिलेला पासवर्ड तेथे तुटतो आणि पुन्हा तोच १३ क्रमांक समोर येतो. पासवर्ड वेगळ्या क्रेडेन्शियल्स फाइलमध्ये ठेवला, तिची परवानगी ६०० केली, की ही अडचण दूर होते आणि पासवर्ड इतरांच्या नजरेसही पडत नाही. ज्या संस्थेकडे पूर्णवेळ संगणकतज्ज्ञ नाही, तिच्या दृष्टीने एकाच क्रमांकामागे तीन कारणे दडवणे हे गैरसोयीचे आहे, आणि सर्व्हरकडून नेमके कारण आलेले असताना ते पडद्यावर न दाखवण्यास मला सबळ कारण दिसत नाही.

लॉगिनमधली सर्वांत मोलाची सुधारणा २०२४ मध्ये, ६.९ या कर्नलमध्ये आली. अनेक नॅस आणि सर्व्हर ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावतात. पासवर्ड बदलला तरी चालू असलेले सत्र तुटत नाही, त्यामुळे त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडते ते पुढे, कधीतरी संपर्क क्षणभर तुटला की. आपल्याकडे मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज लपकली आणि स्विच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की क्लायंट सत्र नव्याने उघडू पाहतो, त्याच्याजवळचा जुना पासवर्ड सर्व्हर नाकारतो आणि शेअर हातचा जातो. त्यावर फायली उघड्या असतील तर अनमाउंटही करता येत नाही. रात्रीचा बॅकअप चुकतो आणि पासवर्ड बदलून आठवडे लोटलेले असल्याने त्या दोन घटनांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

‘पासवर्ड-२’ या नव्या पर्यायाने येणारा पासवर्ड आधीच देऊन ठेवता येतो. पहिला नाकारला गेला तर क्लायंट दुसरा वापरून पाहतो. चालू माउंट न सोडता, रिमाउंट करूनही तो देता येतो. मिरजेतल्या एका तपासणी केंद्रात, जेथे स्कॅनची चित्रे दिवसभर नॅसवर जात असल्याने शेअर मध्येच सोडणे शक्य नसते, तेथे मी ही सोय वापरली. नॅसवरचा पासवर्ड बदलण्यापूर्वी नवा पासवर्ड रिमाउंटने दिला, मग नॅसवर बदल केला आणि शेवटी स्विचची तार काढून पुन्हा लावली. काही क्षण लेखन थांबले आणि पूर्ववत सुरू झाले. तेथल्या तंत्रज्ञ ताईंना काही घडल्याचे कळलेही नाही. ज्यांनी हा पर्याय घडवला त्यांनी अशा जागांचा विचार केला होता, याचे मला मनापासून समाधान वाटते.

क्लायंटच्या कक्षेबाहेरची, पण लॉगिन फसण्याशी जोडलेली एक दक्षता येथे सांगणे आवश्यक आहे. यंत्र सुरू होताना शेअर जोडला गेला नाही, तर ज्या फोल्डरवर तो जोडायचा ते रिकामे फोल्डर यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर असतेच, आणि बॅकअपची आज्ञावली बिनतक्रार त्यातच लिहीत राहते. डिस्क भरेपर्यंत सर्व यशस्वी दिसते. आज्ञावलीच्या सुरुवातीस ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा घालून शेअर खरोखर जोडलेला आहे का ते पाहावे आणि नसेल तर तेथेच थांबावे.

सर्व यंत्रे लिनक्सचीच असतील तर एनएफएस ही फायली वाटून वापरण्याची दुसरी पद्धत हा सोपा पर्याय आहे. त्यात मर्यादा १ एमबीपर्यंत जाते आणि नेहमीच्या मांडणीत नाव-पासवर्डाचा प्रश्नच येत नाही, कारण सर्व्हर क्लायंट यंत्राने सांगितलेल्या वापरकर्ता क्रमांकावर विश्वास ठेवतो. पण स्टुडिओ, कारखाने आणि दवाखाने यांत विंडोज असतेच, आणि यंत्रावर असा विश्वास ठेवणे प्रत्येक ठिकाणी परवडत नाही. म्हणून मिश्र कार्यालयासाठी मी आजही एसएमबी क्लायंटचीच शिफारस करतो. ६.९ किंवा त्यानंतरची कर्नल घ्यावी, डब्ल्यूसाइझ लिहू नये, माउंट केल्यावर प्रॉक-माउंट्समध्ये प्रत्यक्ष मिळालेला आकडा आणि आवृत्ती पाहावी. जुन्या कर्नलवरच राहणे भाग असेल आणि सर्व्हर विचित्र मर्यादा कळवत असेल, तर डब्ल्यूसाइझ ६५५३६ असा हाताने लिहावा. तो ४०९६ च्या पटीत आहे आणि आजचे बहुतेक सर्व सर्व्हर तो स्वीकारतात.